स्कूल व्हाउचर: मार्क वाढत नाहीत तरी पालक खूश कसे? आणि मागे राहिलेल्या शाळेचं काय होतं?

मधला_बाक:

नमस्कार मंडळी. स्कूल व्हाउचरवर जमेल तसं वाचतोय आणि जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतोय, म्हणून शेवटी धागा काढला.

ज्यांनी हे प्रकरण ऐकलं नसेल त्यांच्यासाठी: सरकार दर मुलामागे शाळेवर जो खर्च करतं तो शाळेकडे न पाठवता मुलाच्या नावाने बांधून द्यायचा, मग पालक म्हणतील त्या शाळेत, अगदी खाजगीसुद्धा, तो पैसा जाणार. अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमनने १९५५ मध्ये हे मांडलं. त्याचं म्हणणं असं की शिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा हे ठीक, पण म्हणून शाळाही सरकारनेच चालवायला पाहिजे असं कुठंय. ऐकायला पटतं. आणि विरोधातलं पण पटतं, की ज्यांना जमतं ते निघून जाणार, सरकारी शाळेत उरणार ती मुलं ज्यांना कुठेच जाता येत नाही, आणि वर त्यांच्या शाळेचा पैसाही आटलेला असणार.

आता माझी अडचण. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या व्हाउचरवर अभ्यास झाला त्यात गणिताचे मार्क चांगलेच घसरले असं निघालं. इंडियानातही गणितात घसरण. पण पालकांना विचारलं की ते म्हणतात आम्ही खूश आहोत. मग पालकांना कळत नाही म्हणायचं की परीक्षेलाच कळत नाही म्हणायचं? आणि दुसरं, जी मुलं मागे सरकारी शाळेत राहतात त्यांचं नक्की काय होतं, याचा कुणी नीट हिशोब केलाय का?

प्लीज घोषणा नकोत. "खाजगी म्हणजे लूट" आणि "सरकारी म्हणजे आळस" हे दोन्ही ऐकून कान किटलेत.

रोखठोक:

घोषणा न देता लिहितो, जमेल तितपत :)

आधी सांगतो की मी व्हाउचरच्या बाजूचा आहे. तरी लुइझियानाचा निकाल मी नाकारत नाही, तो अभ्यास पक्का आहे. जागांपेक्षा अर्ज जास्त आले म्हणून लॉटरी काढली, त्यामुळे लागलेली मुलं आणि न लागलेली मुलं ही तुलना सरळ करता येते, हुशार मुलंच गेली वगैरे म्हणायला जागा उरत नाही. आणि लागलेल्यांचं गणित पहिल्याच वर्षात ०.४ स्टँडर्ड डेव्हिएशनने (मुलांच्या मार्कांत एरवी किती फरक असतो ते मोजायचं माप) खाली. शिक्षणातल्या अभ्यासात एवढा मोठा आकडा, वर किंवा खाली, क्वचित दिसतो.

पण त्यातच पुढे बघा की व्हाउचर घ्यायला तयार कुठल्या शाळा झाल्या. राज्यातल्या साधारण एक तृतीयांश खाजगी शाळा. बाकीच्यांनी म्हटलं नको तुमचे पैसे, कारण त्याबरोबर सरकारी परीक्षा आली, प्रवेशाची लॉटरी आली, वरून फी घ्यायची नाही ही अट आली. जोरात चाललेल्या शाळेला ही कटकट कशाला हवी? ज्यांची पटसंख्या आधीच घसरत होती त्या आल्या, आणि मुलं नेमकी तिथे गेली. म्हणजे माझ्या मते दोष व्हाउचर या कल्पनेत नाही, असं बांधलं की चांगल्या शाळा बाहेर आणि रिकाम्या शाळा आत, यात आहे.

आणि मार्क म्हणजे सगळं नव्हे. वॉशिंग्टन डीसीमध्ये २००४ ला कार्यक्रम सुरू झाला त्याचं सरकारनेच मूल्यमापन केलं, २०१० चा अहवाल आहे. मार्कांत ठोस फरक नाही. पण बारावी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण व्हाउचर देऊ केलेल्यांत ८२ टक्के आणि न मिळालेल्यांत ७०. बारा टक्क्यांचा फरक, तोही गरीब घरातल्या मुलांत. हे कुणाला लहान वाटत असेल तर बोलणं खुंटलं.

खडूवाली:

रोखठोक यांनी डीसीचा अर्धा अहवाल सांगितला, उरलेला मी सांगते. त्यात पालकांना शाळा जास्त सुरक्षित आणि जास्त चांगली वाटत होती, हो. पण मुलांना वेगळं विचारलं होतं, आणि मुलांच्या उत्तरात लॉटरी लागलेल्या आणि न लागलेल्यांत फरक नव्हता. मूळ प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. पालक समाधानी असतात ते निवड करता आली म्हणून, आपण पोरासाठी काहीतरी केलं म्हणून. त्यात वाईट काही नाही, पण वर्गात बसतं पोर.

आता मागे राहिलेल्या शाळेचं. मी शाळेत शिकवते आणि कार्यालयातले कागदही बघते त्यामुळे हिशोब सांगू शकते. समजा तुकडीत ३० मुलं आहेत. तीन गेली. दर मुलामागे पैसा येत असेल तर उत्पन्न १० टक्क्यांनी कमी. खर्च किती कमी? शिक्षक एकच होता तो एकच राहणार. खोली तीच, वीज तीच, शिपाई तोच, बस त्याच रस्त्याने जाणार फक्त तीन सीट रिकाम्या. वाचतात ती तीन मुलांची पुस्तकं आणि असंच किरकोळ काहीतरी. ती तिन्ही मुलं एकाच वर्गातून गेली असती तरी ठीक होतं, पण प्रत्यक्षात एक पहिलीतून जातं, एक चौथीतून, एक सातवीतून, म्हणजे एकही तुकडी बंद करता येत नाही. मग कात्री कशाला लागते? जे "जास्तीचं" वाटतं त्याला. चित्रकला, लायब्ररी, समुपदेशक. आणि मग पुढच्या वर्षी पालक म्हणतात बघा या शाळेत काहीच नाही, आणि आणखी दोन जातात.

हा स्पर्धेचा परिणाम नाही, हा नुसता हिशोबाचा परिणाम आहे. मुख्याध्यापक कितीही चांगले असू देत.

दुसरं म्हणजे दिव्यांग मुलं. अमेरिकेत सरकारी शाळेला कायद्याने त्यांच्यासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा करावा लागतो आणि तो पाळावा लागतो, नाही पाळला तर पालक भांडू शकतात. पालकांनी स्वतःहून मूल खाजगी शाळेत नेलं की तो वैयक्तिक हक्क तसा राहत नाही. खाजगी शाळा सरळ म्हणू शकते आमच्याकडे सोय नाही. मग ते मूल कुठे येतं? आमच्याकडे. आणि आम्ही आनंदाने घेतो, पण मग दोन शाळांचा दर मुलामागचा खर्च शेजारी ठेवून "बघा सरकारी शाळा किती महाग" असं म्हणू नका ना.

शेवटचा_बाक:

+१ खडूवाली. "आमच्याकडे सोय नाही" हे वाक्य जगातल्या प्रत्येक भाषेत सारख्याच गोड आवाजात म्हणतात.

मधला_बाक:

खडूवाली ताई, ते ३० वजा ३ चं उदाहरण एकदम डोक्यात बसलं. पण मग एक शंका, फ्लोरिडात म्हणे उलटं झालं, सरकारी शाळेतली मुलं सुधारली? की ते पण कुणीतरी उडवलेलं आहे?

रोखठोक:

उडवलेलं नाही. फिग्लिओ, हार्ट आणि कार्बोनिक यांचा अभ्यास आहे. फ्लोरिडात जसजशी खाजगी शाळांसाठीची शिष्यवृत्ती वाढत गेली तसतसं ज्या सरकारी शाळांच्या आसपास खाजगी पर्याय जास्त होते तिथल्या, म्हणजे मागे राहिलेल्या, मुलांचे मार्क थोडे वाढले, गैरहजेरी आणि निलंबन कमी झालं. आणि फायदा गरीब घरातल्या मुलांना जास्त. खडूवाली यांचा हिशोब बरोबर आहे असं धरलं तर हे व्हायलाच नको होतं. पण झालंय.

ओहायोत तर आणखी गंमत. तिथे फिग्लिओ आणि कार्बोनिक यांनी २०१६ मध्ये दाखवलं की व्हाउचर घेऊन गेलेल्या मुलांचे मार्क घसरले, आणि ज्या सरकारी शाळांना मुलं जायची भीती होती त्यांचे वाढले. म्हणजे गेला तो बुडाला, राहिला तो तरला! दोन्ही बाजूंनी या एकाच अहवालातली आपापली पानं फाडून नेली आहेत.

खडूवाली:

झालं असेल, नाही कुठे म्हणते. फ्लोरिडातला वाढीचा आकडा लहान आहे हे तुम्हीच "थोडे" म्हणून सांगितलंत. आणि हेही बघा की त्या काळातली ती शिष्यवृत्ती गरिबांपुरती होती, हळूहळू वाढत गेली, शाळांना सावरायला वेळ मिळाला. आणि गंमत म्हणजे फ्लोरिडाने ती उत्पन्नाची अट नंतर काढून टाकली, २०२३ पासून सगळ्यांना खुली. जुन्या योजनेचे चांगले निकाल दाखवून नवी वेगळीच योजना विकायची, हे मला पटत नाही.

वाळवंटी:

मी ऍरिझोनात राहतो, गेली बरीच वर्षं. इथली योजना आता वेगळ्याच पातळीवर गेली आहे त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कारण बऱ्याच जणांच्या डोक्यात अजून मिलवॉकीचं (विस्कॉन्सिन राज्यातलं शहर) १९९० चं व्हाउचर मॉडेल आहे. तिथे सुरुवातीला फक्त कमी उत्पन्नाच्या घरांना आणि तेही एकूण पटाच्या एक टक्क्यापर्यंतच द्यायचं ठरलं होतं, धार्मिक शाळा त्यात नव्हत्या. धार्मिक शाळा नंतर आल्या, मग सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये क्लीव्हलँडच्या केसमध्ये पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की पालकाने स्वतः निवडलं असेल तर सरकारी पैसा धार्मिक शाळेत गेला तरी घटनेला बाध नाही.

आमच्याकडे व्हाउचर नाही, खातं आहे. राज्य मुलाच्या नावाने खात्यात पैसे टाकतं, साधारण सात हजार डॉलर वर्षाला, दिव्यांग मुलांना बरेच जास्त, आणि त्यातून फी भरा, ट्यूशन लावा, घरी शिकवत असाल तर पुस्तकं साहित्य घ्या. २०११ मध्ये सुरू झालं तेव्हा फक्त दिव्यांग मुलांसाठी होतं, आणि त्याबद्दल मी वाईट बोलणार नाही, ज्यांना शाळेत काहीच मिळत नव्हतं अशा घरांना खरोखर आधार झाला. मग गटागटाने वाढवत वाढवत २०२२ मध्ये सगळ्यांना खुलं केलं, उत्पन्नाची काही अट नाही. तेव्हा बारा हजाराच्या आसपास मुलं होती ती दोन वर्षांत सत्तर हजारांच्या पुढे गेली.

पण सगळ्यांना खुलं केल्यावर पहिल्या लाटेत जे आले त्यातले बहुतेक सरकारी शाळेतून बाहेर पडलेले नव्हतेच! ते आधीच खाजगी शाळेत होते किंवा घरी शिकत होते. म्हणजे "मुलाबरोबर पैसा जाईल" या घोषणेत गडबड अशी की मूल कुठून निघालंच नाही, पैसा मात्र नव्याने निघाला. राज्याच्या तिजोरीवर तो वरचा खर्च. खडूवाली यांचं तीस वजा तीन राहू द्या, इथे तीस वजा शून्य आणि तरी बिल आलं.

माझ्या ओळखीतल्या एका घराने खातं घेतलं, पोरगं आधीपासून खाजगीतच होतं. मी विचारलं गरज होती का, तर उत्तर आलं नियमात बसतं तर का सोडायचं. मी त्यांना दोष देत नाही, नियमच तसा आहे. त्यांच्या शाळेने पुढच्या वर्षी फी वाढवली, ते पण साहजिकच.

बाकी या खात्यातून लेगोचे महागडे सेट, स्कीइंगचे पास असलं काय काय घेतलं यावर इथे भरपूर ओरड झाली, पण तो माझ्या मते फुटकळ मुद्दा आहे. खरा मुद्दा असा की खात्यावरच्या मुलांना राज्याची परीक्षा द्यायची सक्तीच नाही. मिलवॉकी, लुइझियाना, डीसी, सगळीकडे निदान मोजता आलं म्हणून आपण इथे भांडू शकतोय. आमच्याकडे वीस वर्षांनी कुणी विचारलं की या मुलांचं काय झालं तर उत्तर असेल, माहीत नाही, पालक खूश होते.

शेवटचा_बाक:

परीक्षाच नाही म्हणजे नापासही नाही. माझ्या वेळेला हे का नव्हतं.

दक्षिणायन:

अमेरिकेवर एवढं चाललंय, पण जिथे हा प्रयोग अख्ख्या देशावर झाला त्या चिलीचं कुणी नाव काढत नाहीये. मला यात बराच रस आहे त्यामुळे थोडं लांबेल, सहन करा.

१९८१. पिनोचेची लष्करी राजवट, अर्थखात्यात शिकागो विद्यापीठात शिकून आलेली मंडळी, फ्रीडमन तिथलाच प्राध्यापक, म्हणजे त्याचंच घराणं. सरकारी शाळा केंद्राकडून नगरपालिकांकडे दिल्या, आणि दर मुलामागे ठराविक रक्कम, मूल नगरपालिकेच्या शाळेत जावो की खाजगीत, सारखीच. नफा कमवायला परवानगी. तेव्हा तीन चतुर्थांशाहून जास्त मुलं नगरपालिकेच्या शाळेत होती, तीस वर्षांत ते प्रमाण चाळीस टक्क्यांच्या खाली आलं. हजारो नव्या खाजगी शाळा उघडल्या. फ्रीडमन म्हणाला होता तशी स्पर्धा झाली म्हणा.

आता निकाल. शे आणि उर्किओला या दोघांनी २००६ मध्ये तपासलं की जिथे खाजगी शाळा जास्त वाढल्या तिथे त्या भागाचे एकूण मार्क (सरकारी अधिक खाजगी दोन्ही धरून) वाढले का. नाही वाढले. मग झालं काय? मुलांची चाळणी झाली. सरकारी शाळांतली बऱ्या घरची मुलं उचलून खाजगीत गेली. आणि का जाणार नाहीत, खाजगी शाळांना मुलं निवडायची मुभा होती, प्रवेशाला मुलाखत, चाचणी. १९९३ नंतर वरून फी घ्यायची पण सोय केली. शाळेच्या दृष्टीने विचार करा ना, शिकवणं सुधारणं कठीण, वेळखाऊ, खर्चिक. चांगली मुलं निवडणं सोपं, फुकट, आणि निकाल लगेच चांगला दिसतो. पालकही शाळा बघताना शिकवणं कुठे बघतात, तिथे कोण येतं ते बघतात. म्हणून स्पर्धा शिकवण्यावर झालीच नाही, ती झाली मुलांवर.

२००६ ला तिथली शाळकरी पोरं रस्त्यावर आली, त्यांच्या युनिफॉर्मवरून त्याला पेंग्विन क्रांती म्हणतात. २०११ ला परत, त्या वेळी कॉलेजची पोरं पुढे होती.

आणि आता ज्या भागाबद्दल कुणी बोलत नाही तो, आणि तोच मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चिलीने व्हाउचर बंद नाही केलं. २००८ मध्ये कायदा करून गरीब मुलाच्या व्हाउचरची रक्कम इतरांपेक्षा बरीच वाढवली, साधारण निम्म्याने जास्त, आणि अट घातली की हे जास्तीचे पैसे हवे असतील तर या मुलांकडून फी घ्यायची नाही आणि त्यांना चाचणी लावून गाळायचं नाही. त्यानंतर गरीब आणि बाकीच्या मुलांच्या मार्कांतलं अंतर कमी होताना दिसलं. मग २०१५ च्या कायद्याने अनुदान घेणाऱ्या सगळ्याच शाळांना निवड बंद, नफा बंद, वरची फी टप्प्याटप्प्याने बंद. म्हणजे तीसेक वर्षं लागली हे कळायला की कोण कोणाला निवडतंय, शाळा मुलाला की मूल शाळेला, हा कळीचा प्रश्न आहे.

तेव्हा रोखठोक, तुम्ही व्हाउचरच्या बाजूचे आहात असं म्हणता, ते कुठल्या? १९८१ च्या की २०१५ च्या? दोघांना एकच नाव आहे पण वस्तू वेगवेगळ्या आहेत.

रोखठोक:

रास्त प्रश्न. उत्तर: २००८ च्या. गरिबाला जास्त रक्कम, निवड नाही, परीक्षा सक्तीची. नफ्याबद्दल मी तुमच्याइतका कडवा नाही.

पण दक्षिणायन, एक खोच आहे तुमच्या गोष्टीत. या सगळ्या अटी घातल्या की चांगली खाजगी शाळा बाहेर राहते, लुइझियानात तेच झालं ना. अटी नाही घातल्या तर चिलीची चाळणी, घातल्या तर लुइझियानाच्या रिकाम्या शाळा. चिलीत २०१५ ला शाळांनी मान्य केलं कारण तोवर त्या अनुदानावर पूर्ण अवलंबून होत्या, पळणार कुठे. अमेरिकेतली चांगली खाजगी शाळा व्हाउचरशिवाय मजेत चालते, तिला कशी आणणार? यावर माझ्याकडे एकच उत्तर आहे, रक्कम वाढवा. खऱ्या खर्चाइतकी करा. तुटपुंजी रक्कम द्यायची आणि वर दहा अटी घालायच्या तर कोण येणार. आणि मग म्हणायचं बघा व्हाउचर चालत नाही.

खडूवाली:

तेवढी रक्कम सरकारी शाळेलाच दिली तर? :)

थट्टा नाही, खरंच विचारते. जॅक्सन, जॉन्सन आणि पेर्सिको यांचा २०१६ चा अभ्यास बघा. अमेरिकेत कोर्टाच्या आदेशांमुळे काही भागांत सरकारी शाळांचा पैसा वाढला, त्या मुलांचा मोठेपणापर्यंत माग काढला. बारा वर्षं दरवर्षी दर मुलामागे १० टक्के जास्त खर्च, तर पुढे पगार साधारण ७ टक्क्यांनी जास्त, गरीब घरातल्यांना फायदा आणखी मोठा. ना लॉटरी, ना फॉर्म, ना कुठल्या शाळेच्या दारात उभं राहणं. "सरकारी शाळेत पैसा ओतून काही होत नाही" हे इतक्या वेळा ऐकलंय की लोकांना ते सिद्ध झालेलं वाटतं.

पैसा कशावर खर्च होतो हे महत्त्वाचं, मान्य. त्या अभ्यासात तो शिक्षकांच्या पगारावर, लहान तुकड्यांवर, जास्त दिवस शाळा भरण्यावर गेला होता.

पटपडताळणी:

उशिरा आलो धाग्यावर, पण दोन गोष्टी टाकायच्या आहेत.

आपल्याकडचा अभ्यास कुणीच कसा नाही काढला? आंध्र प्रदेशात मुरलीधरन आणि सुंदररामन यांनी केलेला, २०१५ मध्ये छापून आला. १८० गावं, चार वर्षं, लॉटरी दोन टप्प्यांत, आधी गावांची मग मुलांची, त्यामुळे मागे राहिलेल्यांवर काय परिणाम झाला तेही बघता आलं. चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणितात व्हाउचरवाली मुलं आणि सरकारी शाळेतली मुलं सारखीच. हिंदीत खाजगीतली पुढे, कारण सरकारी शाळेत त्या वयात हिंदीला वेळच नव्हता. पण खाजगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारीच्या एक तृतीयांशाहून कमी. आणि मागे राहिलेल्या मुलांवर परिणाम, ना चांगला ना वाईट.

आता यातून रोखठोक म्हणतील तेवढाच निकाल तिसऱ्या हिश्श्यात, मग सरकारी कशाला. आणि खडूवाली म्हणतील तिसरा हिस्सा कसा, तर खाजगीतल्या शिक्षकांचे पगार सरकारीच्या सहाव्या हिश्श्याहून कमी, म्हणून. दोघंही खरं बोलताहेत. मला स्वतःला असं वाटतं की सहाव्या हिश्श्यात जी कुणी शिकवते (बहुतेक तरुण मुलीच असतात) ती दुसरी नोकरी मिळेपर्यंत शिकवते, त्यावर अख्ख्या देशाची शाळा उभी करता येईल का याचं उत्तर १८० गावांच्या लॉटरीत नाही.

दुसरी गोष्ट आरटीईतले (शिक्षण हक्क कायद्यातले) २५ टक्के, कलम १२(१)(क). ते नावाने व्हाउचर नाही पण वागणूक तीच, खाजगी विनाअनुदानित शाळेने पहिलीच्या किंवा प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित गटाला द्यायच्या, निवड करायची नाही, फीची प्रतिपूर्ती सरकारकडून, तीही सरकारच्या स्वतःच्या दर मुलामागच्या खर्चाइतकीच किंवा शाळेची फी त्याहून कमी असेल तर तेवढी. रोखठोक यांनी जी खोच काढली की चांगली शाळा येणारच नाही, त्यावर हा सरळ उपाय होता, विचारायचंच नाही, कायद्याने आणायचं. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे मान्य पण केलं, विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा वगळून. मग पुढे काय होतं ते ज्यांनी पोर्टलवर अर्ज भरलेत त्यांना विचारा, आणि प्रतिपूर्तीची वाट बघणाऱ्या संस्थाचालकांनाही विचारा, दोघांचं रडगाणं वेगळं पण खरं.

यावर एक छान अभ्यास आहे गौतम राव यांचा, दिल्लीतल्या खाजगी शाळांवर. गरीब मुलांचं काय झालं हे सगळेच विचारतात, त्याने उलट विचारलं, वर्गात गरीब मुलं आल्यावर श्रीमंत मुलांचं काय झालं? तर ती जास्त उदार झाली, गरीब मुलांबरोबर खेळायला, संघ करायला जास्त तयार झाली. अभ्यासावर एकूण फारसा परिणाम नाही, इंग्रजीत किंचित घट. चिलीत चाळणीने जे तुटलं म्हणतात ते इथे थोडंसं जोडलं गेलं, निदान तेवढ्या वर्गांपुरतं.

मधला_बाक:

बाप रे, भरपूर मिळालं. सगळ्यांचे आभार.

माझ्यापुरतं इतकं कळलं की "व्हाउचर चांगलं का वाईट" हा प्रश्न विचारणंच बंद करायला हवं, समोरच्याने कुठल्याही देशातली योजना काढून दाखवली की पहिल्यांदा विचारायचं प्रवेश कोण ठरवतं, वरून फी घेता येते का, आणि मोजतात का. स्वीडनचं मात्र कुणी बोललं नाही, तिथे तर डाव्यांचं राज्य असताना हे कसं आलं?

दक्षिणायन:

नाही नाही, १९९२ ला आणलं तेव्हा उजव्या आघाडीचं सरकार होतं. पण डावे परत आल्यावर त्यांनी बंद केलं नाही, उलट वरून फी घेणं बंद करून ते आणखी पक्कं केलं. तिथे फी नाही, मार्कांवर निवडही नाही, मोठ्या प्रमाणात रांग लावून प्रवेश, आणि मग लोक बाळ जन्मल्या जन्मल्या रांगेत नाव घालतात, म्हणजे माहिती असलेल्या आईबापांची मुलं पुढे आणि नुकते देशात आलेले लोक मागे. नफ्याला परवानगी आहे. २०१३ मध्ये जेबी एज्युकेशन नावाची मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली, हजारो मुलांना शाळा शोधत फिरावं लागलं. मिलवॉकीतही सुरुवातीपासूनच्या पंचवीसेक वर्षांत योजनेत आलेल्या खाजगी शाळांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास बंद पडल्या. फ्रीडमनवाल्यांच्या मते वाईट शाळा बंद पडणं हेच बाजाराचं काम, पण ज्याची शाळा ऐन वर्षात बंद पडते त्या पोराने बाजाराचं कौतुक कसं करायचं.

आणि मोजतात का म्हणालात म्हणून, स्वीडनमध्ये राष्ट्रीय परीक्षेचे पेपर शाळेतलेच शिक्षक तपासत आले. ज्या शाळेला मुलं टिकवायची आहेत तीच मार्क देणार. तिथल्या मार्क फुगवण्यावर किती लिहिलं गेलंय बघा. तरीही बोलमार्क आणि लिंडाल यांच्या अभ्यासात स्वतंत्र (म्हणजे सरकारी पैशावर चालणाऱ्या खाजगी) शाळा जास्त असलेल्या भागांत निकाल थोडे चांगलेच आले, आणि ते नुसतं फुगवणं नाही असंही त्यांचं म्हणणं. २००० ते २०१२ मध्ये पिसा या देशोदेशींच्या मुलांची तुलना करणाऱ्या परीक्षेत देश जो घसरला त्याचं खापर सगळे व्हाउचरवर फोडतात, ते इतकं सरळ नाही.

वाळवंटी:

मधला_बाक, तुमच्या यादीत अजून एक प्रश्न घाला, बस कोण देतं. इथे खात्यातून फी निघते पण पोराला रोज पोचवायचं कुणी? ज्या घरात दोन्ही पालक शिफ्टवर आणि एक गाडी, तिथे पंचवीस मैलांवरची चांगली शाळा ही निवड नव्हेच. गावाकडच्या भागात तर खाजगी शाळाच नाही, त्यांचे आमदार व्हाउचरवाल्या रिपब्लिकन पक्षाचेच असूनही टेक्सासमध्ये वर्षानुवर्षं याच कारणाने विरोध करत होते, शेवटी २०२५ मध्ये तिथेही कायदा झाला. मतदारांना थेट विचारलं की मात्र ते नाही म्हणतात, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंटकी आणि नेब्रास्कात तेच झालं, दोन्ही ट्रंपला भरभरून मतं देणारी राज्यं.

रोखठोक:

मतदानाचा मुद्दा मान्य, तिथे आमची बाजू सतत हरते.

आणि २०२७ पासून केंद्राची नवी करसवलत येतेय, शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेला १,७०० डॉलरपर्यंत दिलेली देणगी थेट करातून वजा, राज्याने सामील व्हायचं की नाही ते राज्याने ठरवायचं. त्यावर वेगळा धागा काढा कुणीतरी, हा आधीच फार लांबलाय आणि खडूवाली ताईंना उद्या शाळा आहे.

खडूवाली:

आहे. आणि पेपरही तपासायचेत. धागा काढा, वजावट केंद्राची पण पट राज्याच्या शाळेचा, तेव्हा राज्याने नाही म्हटलं तर त्याच्याच लोकांची देणगी दुसऱ्या राज्यातल्या मुलांना जाईल का, हे पहिलं विचारा.